शेवटचं प्रूफ नागसेनकडे

आर्वी,
४ जुलै २०२४

प्रिय नागसेन,

सोबतचा गठ्ठा सांभाळून सोड, दोरी घट्ट आहे. एसटीच्या पार्सल खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "काय हाये यात?" मी म्हटलं, कादंबरी. तो म्हणाला, "मंग वजन जास्तच भरन." समीक्षकाला जमणार नाही अशी समीक्षा त्यानं केली.

बातमी अशी, की पुण्याच्या प्रकाशनानं 'कारंजा थांबा' घेतली. एकही पान न गाळता. संपादक माधवीताईंचा फोन आला तेव्हा मी सोयाबीनमध्ये डवऱ्याच्या मागे चाललो होतो. बैल उभे राहिले, मी उभा राहिलो, आणि त्या बाई माझ्या कादंबरीतल्या महामार्गावरच्या ढाब्याबद्दल दहा मिनिटं बोलत होत्या. बैलांनी तेवढ्यात दोन झाडं खाल्ली. खाऊ दिली.

त्या म्हणाल्या, शेवटचं प्रूफ तुम्ही स्वतः नीट बघून पाठवा. मी म्हटलं, ताई, आमच्याकडे शेवटचं प्रूफ लेखक बघत नाही, मित्र बघतो. त्या हसल्या. मग मी त्यांना समजावून सांगितलं, की बावीस वर्षांपासून माझं शेवटचं प्रूफ तू वाचतोस आणि तुझं मी. मी तुझ्या पुस्तकातलं वावर तपासतो, कोणत्या महिन्यात काय पेरलं आणि काय निघालं ते. तू माझ्या पुस्तकातलं इंग्रजी-बिंग्रजी तपासतोस. तू केलेल्या खुणा मी दुसऱ्या प्रतीवर उतरवून घेतो आणि ती तशीच छापायला जाते, तुझी माझ्याकडे राहते; वरून पुन्हा वाचत नाही. आणि पुस्तकाबद्दल आम्ही फोनवर बोलत नाही, कारण एकदा बोललो तर चार महिने अबोला होता. त्या म्हणाल्या, "आजच्या काळात असं कुणी करतं?" मी म्हटलं, वर्धा जिल्ह्यात दोघं करतात.

यावेळी परदेशी शब्द जरा जास्त पडलेत. पुण्याचं पुस्तक आहे, तिथे आपण अगदीच मळक्या धोतरात जाऊ नये असं वाटलं. पण हे शब्द मी इंग्रजी कादंबऱ्यांत नुसते वाचलेत, कानानं एकही ऐकलेला नाही. आर्वीत ते उच्चारून दाखवणार कोण? बसस्थानकाच्या भोंग्यातून 'पुलगाव मार्गे वर्धा' याच्यापुढे काही ऐकू येत नाही. तू नागपुरात दोन वर्षं फ्रेंच शिकलास, तेव्हा मला तुझा फार हेवा वाटला होता. आजही वाटतो. तर ते फ्रेंच जरा माझ्या कामी येऊ दे.

तुझ्या कादंबरीचं काय झालं? दोन महिने झाले, तू एक शब्द बोलत नाहीस. काऊन बे?

तुझा,
धनंजय


वर्धा,
२० जुलै २०२४

प्रिय धनंजय,

सप्रेम जयभीम.

गठ्ठा परत पाठवत आहे. एकूण छत्तीस दुरुस्त्या आहेत, बहुतेक ऱ्हस्व-दीर्घाच्या. परदेशी शब्दांचं तू उगाच मनावर घेतलंस. मला तिथे हात लावावा असं काही वाटलं नाही.

कादंबरी वाचनीय झाली आहे. ढाबा डोळ्यांसमोर उभा राहतो. मधला भाग थोडा सैल आहे, पण तू आता पक्कं केलं असशील तर राहू दे.

माधवीताई स्वतः फोन करतात हे वाचून आनंद वाटला. एरवी त्या तीन ओळींचं पत्र पाठवतात असं ऐकून आहे.

माझी कादंबरी अजून घासतो आहे. ती घाईघाईनं पुण्याला पाठवावी अशी नाही. प्रकाशन समारंभाला यायचं मन आहे, पण तेव्हा नेमक्या कॉलेजात परीक्षा असतील. बघतो.

कळावे,
नागसेन


आर्वी,
८ ऑक्टोबर २०२४

प्रिय नागसेन,

रविवारची पुरवणी तुझ्याकडे येतेच, त्यामुळे तू वाचलं असणार. नसशील वाचलं तर मीच सांगतो, दुसऱ्याकडून ऐकण्यापेक्षा बरं.

पुस्तकावर पुण्याच्या परीक्षकानं अर्धं पान लिहिलं. मथळा 'कारंज्याचा फॉक्स पास'. मध्ये एक चौकट केली आणि तिच्यात माझे नऊ शब्द ओळीनं मांडले, प्रदर्शनात भोपळे मांडतात तसे. फॉक्स पास म्हणजे चारचौघांत झालेली चूक, आणि त्याचा उच्चार 'फो पा' असा आहे म्हणे. आता लिहितात 'फॉक्स' आणि म्हणतात 'फो', यात माझा काय गुन्हा? प्रेमी जोडप्याचं 'रेंडेझव्हस' ढाब्यामागे ठरलं असं मी लिहिलं, त्यावर तो म्हणतो की ही कुठल्या तणनाशकाची जाहिरात आहे का. आणि लग्नाच्या बोलणीत जेवणाआधी 'हॉर्स डी ओव्हर्स' आले असं जे आहे, त्याच्यावर त्यानं विचारलंय, घोडा तंदुरी होता की रस्सा?

अर्ध्या पानात ढाब्याबद्दल एक ओळ नाही. ट्रकवाल्यांबद्दल नाही. सहा वर्षं मी कारंज्याला जाऊन त्या बाजांवर बसलो, माणसं ऐकली, त्यातलं काही नाही. नऊ शब्द आहेत फक्त.

इथे तर वरात निघाली आहे. काल पानठेल्यावर गोपाल म्हणाला, "भाऊ, ते तुमचं फॉक्स पास झालं का नापास?" दहा माणसं हसली. त्यातल्या एकानंही पुस्तक वाचलेलं नाही, पण चौकट सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे. वर्षाली म्हणते, "हसू द्या ना, चार दिवस हसतीन." ती माझी बायको आहे, तिला तसं म्हणावंच लागतं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. नागपूरहून अण्णाजींचा फोन आला. सोळा वर्षं मी त्यांच्या वर्तमानपत्रात दर रविवारी लिहितो आहे. म्हणाले, "धनंजयराव, थोडे दिवस विश्रांती घ्या. वाचक चौकटी पाठवून ऱ्हायले." थोडे दिवस म्हणजे किती, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. रविवारी सकाळी माझं नाव छापून येणार नाही, हे मला अजून नीट समजत नाही आहे. आज दुपारी सवयीनं कागद काढला आणि पुन्हा ठेवून दिला.

तुझ्यावर राग नाही. मे महिन्यात तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आणि मी जुलैत अडीचशे पानं तुझ्या अंगावर टाकली. डोळ्यांना ताण पडला असणार. चूक माझीच आहे. तसंच झालं ना?

धनंजय


वर्धा,
१५ ऑक्टोबर २०२४

प्रिय धनंजय,

सप्रेम जयभीम.

होय, डोळ्यांचंच झालं असणार. डॉक्टरांनी दोन महिने बारीक वाचू नका असं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. फार वाईट वाटतं.

त्या परीक्षकाचं मनाला लावून घेऊ नकोस. ज्याला पुस्तकात काही दिसत नाही तो शब्द मोजत बसतो. लोक विसरतात.

एक सांगायचं राहिलं. अण्णाजींनी त्या जागेवर काही दिवस मी लिहावं असं सुचवलं आहे. तात्पुरतंच. तू परत आलास की जागा तुझीच. मी अजून होकार दिलेला नाही, तुला विचारल्याशिवाय देणार नाही.

कळावे,
नागसेन


आर्वी,
१२ नोव्हेंबर २०२४

नागसेन,

तुझे चारही रविवार वाचले. भाषा स्वच्छ आहे. विचारणार होतास ते राहून गेलं असेल.

परवाच्या लेखात तू दिवाळीला गहू कापणीला आणला आहेस. दिवाळीनंतर आपल्याकडे गहू पेरतात, कापणी मार्चात. पुस्तक काढशील तेव्हा तेवढं बदलून घेजो.

धनंजय


वर्धा,
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय धनंजय,

तुझं ते चार ओळींचं पत्र अडीच महिने माझ्या टेबलावर पडून आहे. मी रागाची वाट पाहत होतो. राग मला झेलता आला असता. तू गव्हाची दुरुस्ती पाठवलीस. तुझ्या जागेवर बसून मी लिहितो आहे आणि तू माझा गहू सांभाळतोस, हे मला दर रविवारी सकाळी आठवतं. म्हणून आज लिहायला बसलो.

डोळ्यांचं खोटं आहे. ऑपरेशननंतर माझे डोळे इतके चांगले झाले आहेत, की समोरच्या घरावरच्या टाकीवर किती लिटर लिहिलंय ते मला खाटेवरून वाचता येतं. तुझे नऊच्या नऊ शब्द मला पहिल्या वाचनात दिसले. प्रत्येकाला लाल पेन्सिलनं गोल केला आणि समासात बरोबर रूप लिहिलं. फो पा. रांदेव्हू. ऑर दव्र. लिहिताना मजा येत होती, खोटं कशाला बोलू. मला येतं आणि धनंजयला येत नाही, याचं सुख लहान नसतं.

मग मी शेवटच्या पानापर्यंत आलो. बंद पडलेल्या ढाब्याच्या पडवीत ट्रकवाला डोमाजी चूल मांडतो, आणि रस्त्यानं जाणाऱ्याला हात दाखवून थांबवून जेवू घालतो, ते पान. ते वाचून मी उठलो, पाणी प्यायलो, परत येऊन पुन्हा वाचलं. असं पान माझ्या हातून जन्मात उतरणार नाही, हे मला तिथल्या तिथे कळलं. मी ड्रॉवरमधून खोडरबर काढलं आणि नऊही खुणा पुसल्या. घाईत नाही, अगदी सावकाश, कागद फाटू नये म्हणून. मग तुला लिहिलं, की मधला भाग सैल आहे. तो सैल नाही.

जूनमध्ये माधवीताईंनी माझी कादंबरी परत पाठवली होती. तीन ओळींचं पत्र मलाच आलं होतं. 'भाषा निर्दोष आहे, पण मातीचा वास येत नाही.' त्यानंतर पंधरा दिवसांत तुझा गठ्ठा आला. माती भरपूर आणि वरून फ्रेंच शिंपडलेलं. तुला मातीही मिळाली आणि आता माझ्याकडचं एवढंसं फ्रेंचही तू फुकटात नेणार, असं मला वाटलं. मी जळलो, धनंजय. पार जळलो.

तुला हे कधी बोललो नव्हतो. तुझा शब्द चुकला तर लोक हसतात. माझा चुकला तर कुणी हसत नाही, नुसती एकमेकांकडे बघून मान हलवतात, म्हणजे यांच्याकडून दुसरी काय अपेक्षा. त्या मान हलवण्याच्या भीतीनं मी फ्रेंच शिकलो, शब्दकोश पाठ केले, प्रत्येक वेलांटी तीनदा तपासली. आणि तू, ज्याला कसली भीती नाही, तू बेधडक 'हॉर्स डी ओव्हर्स' लिहितोस आणि तरी पुस्तक तुझं चांगलं होतं. याचा मला किती राग आला असेल याची तू कल्पना कर. हे कारण म्हणून सांगतो आहे, माफी म्हणून नाही.

मला वाटलं होतं, चार लोक हसतील आणि माझं पोट थंड होईल. तुझा रविवार जाईल असं वाटलं नव्हतं. पण गेल्यावर अण्णाजींचा फोन आला, तो मी दुसऱ्या रिंगला उचलला. तुला विचारीन म्हणालो होतो, विचारलं नाही.

काल मी ती जागा सोडली. अण्णाजींना कारणासकट लिहिलं आहे, खोडरबरासकट. त्यांचं उत्तर तुला थेट येईल.

आता शेवटची गोष्ट. नागपूरच्या एका लहान प्रकाशकानं माझी कादंबरी घेतली आहे. शेवटचं प्रूफ माझ्यासमोर आहे. दुसऱ्या कुणाला पाठवावं असं ठरवून दोन-तीन नावं काढली, पण बावीस वर्षांत मी दुसऱ्या कुणाला माझं प्रूफ दाखवलेलं नाही. त्यात वावर बरंच आहे, माझ्या आजाच्या काळातलं. तू न वाचता परत पाठवलंस, तरी का पाठवलंस हे मला विचारावं लागणार नाही. गठ्ठा सोबत आहे.

नागसेन


आर्वी,
२२ फेब्रुवारी २०२५

नागसेन,

तुझं पत्र मिळालं. त्यातलं निम्मं मला माहीत होतं.

छापील पुस्तक हातात आलं, वर पुण्याची चौकट आली, तेव्हा मी तू तपासलेलं प्रूफ काढून बसलो. पान चौऱ्याऐंशी, वरून सहावी ओळ. 'त्याचा तो पहिलाच फॉक्स पास होता, पण त्यानं डोळ्यात पाणी येऊ दिलं नाही.' त्या ओळीत 'डोळ्यांत'वरचा सुटलेला अनुस्वार तू लाल पेन्सिलनं दिला आहेस. ज्या माणसाला अनुस्वार दिसतो त्याला त्याच ओळीतला फॉक्स दिसत नाही, हे मी कसं मानू? डोळ्यांचं कारण मीच तुझ्या हातात दिलं होतं. तू ते नको म्हणावंस एवढ्याचसाठी दिलं होतं. तू घेतलंस. तुझं ते ऑक्टोबरातलं पत्र वाचून मी ओट्यावर बसलो आणि वर्षालीला म्हटलं, नागसेन गेला. ती हातातलं टाकून धावत आली, "अगं बाई, कवा? काय झालतं त्याईले?" तिला समजावता समजावता मला हसू आलं, आणि मग रडूही आलं.

मग तुझे रविवार वाचले. माझ्या जागेवर तुझं नाव पाहून मला जे झालं ते इथे लिहीत नाही, तुला ते चांगलं ठाऊक आहे. अण्णाजींचा फोन आला होता. मार्चपासून पुन्हा लिहा म्हणाले. लिहीन.

हे सगळं वाचून तुला वाटेल की मी फार मोठ्या मनाचा. थांब, आता माझं ऐक.

'धुऱ्यावरची बाई', सन २०१७. तुझा कथासंग्रह. त्याचं शेवटचं प्रूफ माझ्याकडे आलं होतं. त्यातली बाई पोळ्याच्या सकाळी कमरेला ओटी बांधून कापूस वेचायला निघते आणि पांढऱ्याशुभ्र वावराच्या मधोमध उभी राहून रडते. पोळ्याला पऱ्हाटीवर कळ्या-पात्या नाहीतर फुलं असतात, नागसेन. कापूस फुटायला दसरा उजाडतो. आमच्या घरी शाळेत न गेलेल्या माणसालाही हे कळतं. मी ती ओळ वाचली, पेन्सिल टेकवली आणि उचलून घेतली.

का, तर त्याच पानावर तू त्या बाईच्या हातांबद्दल लिहिलं होतंस. बोंडाच्या टोकांनी ओरखडलेली बोटं ती पदरात लपवते आणि लेकराला मनगटानं कुरवाळते. मी जन्म काढला वावरात. दर हंगामात आमच्या शेतात बाया वेचायला येतात. मी त्यांच्या हातांकडे एकदाही तसं बघितलं नव्हतं. तू वर्ध्याच्या पोस्ट-क्वार्टरमध्ये वाढलेला माणूस, आणि तुला ते दिसलं. म्हणून मी तुझा कापूस पोळ्याला फुटू दिला.

मग मी वाट पाहिली. कुणीतरी हसेल, चौकट करील. कुणी हसलं नाही. तुला मोठा पुरस्कार मिळाला आणि समितीनं मानपत्रात नेमका तोच परिच्छेद उचलला. त्या समारंभाला मी पहाटेच्या गाडीनं आलो होतो, पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतो. लोक मला म्हणाले, मित्र असावा तर असा. माझं फ्रेंच चुकलं तर अख्खं पुणं हसलं. तुझा कापूस चुकला, तर एवढ्या मोठ्या महाराष्ट्रात एका वाचकाला कळलं नाही. खरं म्हणजे याची मला लाज वाटायला पाहिजे होती, शेतकरी म्हणून. मला त्या दिवशी एवढंच वाटलं, की हा सुटला.

तुझी आजी मनकर्णाबाई केळझरच्या शिवारात लोकांचा कापूस वेचत म्हातारी झाली, हे तूच मला सांगितलं होतंस. तिला वाचता येत असतं, तर तिनं ती ओळ बोटानं दाबून धरली असती. तिच्या नातवाच्या पुस्तकात मी ती राहू दिली. तू सोडलेले नऊ शब्द शेवटी माझे उसनेच होते. मी सोडलं ते तुझं घरचं होतं. आठ वर्षं मी तुला हे सांगितलं नाही, आणि तू कबूल केलं नसतंस तर पुढेही सांगितलं नसतं.

तुझं प्रूफ वाचून झालं. सव्वीस ठिकाणी वावर चुकलं आहे. सव्वीसही दुरुस्त केली आहेत, कारणं समासात लिहिली आहेत. पुसलेलं कुठेच काही नाही, पाहिजे तर कागद उन्हात धरून बघ.

गठ्ठा मंगळवारीच बांधून तयार होता. आज शनिवार. चार दिवस मी एका वाक्यासाठी अडून बसलो होतो. ते आता लिहितो. तुझी ही कादंबरी माझ्या कादंबरीपेक्षा चांगली आहे.

धनंजय